रंगपेटी माळ्यावर जाण्यापूर्वी

१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगरची वसाहत वाढत गेली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कुटुंबांनी येथे पाळ्यांमध्ये राबून संसार उभे केले. आपल्या मुलांनी अभियंता व्हावे, निदान तंत्रनिकेतनाची पदविका तरी पदरात पाडून घ्यावी, ही त्या घरांची आकांक्षा स्वाभाविकच म्हटली पाहिजे. प्रश्न आहे तो या आकांक्षेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मुलांचा.

दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून अनेक विद्यार्थी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या शिक्षणव्यवस्थेने मुलाच्या रेषेची परीक्षा घेऊन तिला श्रेणी दिली, तीच व्यवस्था या रेषेवर पोट भरता येते की नाही, याविषयी मात्र मौन पाळते.

वास्तविक उत्तर बजाजनगरच्या अंगणातच आहे. दुचाकीच्या टाकीचा बाक, दिव्याची ठेवण, आसनाचा उतार हे सारे धातूत आणि प्लास्टिकमध्ये उतरण्यापूर्वी कागदावर रेखाटले जाते, मातीच्या प्रतिकृतीत घडवून पारखले जाते. औषधाच्या खोक्यावरील अक्षरयोजना, यंत्राची माहितीपुस्तिका, प्रशिक्षणाची चित्रफीत यांमागेही कोणाचा तरी कलाभ्यास असतो. वडील ज्या वाहनाचे भाग जुळवतात, त्याला रूप देणारा स्वतंत्र व्यवसाय आहे, हेच मुलाला ठाऊक नसते. कला म्हणजे मुंबईची चंदेरी दुनिया, हा समज त्यातूनच दृढ होतो.

त्या दुनियेचा पाया घालणारे दादासाहेब फाळके तरी एका उडीत तेथे पोहोचले नव्हते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण केले, पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून काम केले, मुद्रणाचा व्यवसाय केला. त्यानंतर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. कलेच्या क्षेत्रातील यशामागे अशी अनेक हुन्नरांची शिदोरी असते.

आज शिक्षणाच्या वाटा कितीतरी रुंदावल्या आहेत. आयआयटीमधील डिझाइन पदवीसाठीच्या ‘यूसीड’ परीक्षेला बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांची ‘जिगीषा’ याच शहरात उभी राहिली. तरीही बजाजनगरातील आठवीच्या विद्यार्थ्याला हे पत्ते सांगणार कोण?

पालकांच्या मनातील भीती निराधार नाही. या क्षेत्रात उत्पन्न अनिश्चित असते, उमेदवारीचा काळ लांबतो आणि चकचकीत जाहिराती करून भरमसाट शुल्क उकळणाऱ्या खासगी शिकवण्याही कमी नाहीत. साचेबद्ध चित्रे तर आता संगणकच क्षणार्धात काढून देतो. म्हणूनच मुलांना भुरळ घालणे हा यावरील उपाय नव्हे. कोणते काम, किती वर्षांचे शिक्षण, किती खर्च आणि आरंभीचे वेतन किती, हे त्या व्यवसायातील माणसांनीच पालकांसमोर स्पष्ट सांगितले पाहिजे. ते ऐकून कुटुंबाने नकार दिला, तर तो निदान माहितीवर आधारलेला असेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात स्थानिक कारागीर, कलावंतांकडे प्रत्यक्ष काम शिकावे, असे सुचविले आहे. हे दिवस सहलीत उरकण्याचा मोह शाळांनी टाळावा. एक दिवस कारखान्यात, एक मुद्रणालयात, एक हिमरूच्या मागापाशी, एक नाटकाच्या तालमीत असा क्रम लावणे अशक्य नाही. एखादा दिवस सुटीला जोडून आला, तर आई-वडीलही सोबत येऊ शकतील. शिक्षक-पालक संघ आणि वसाहतीतील गणेश मंडळांनी मनावर घेतले, तर यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.

अजिंठा आणि वेरूळ ज्या जिल्ह्यात आहेत, तेथील मुलाला हात कशासाठी असतात हे शिकवावे लागत नाही. त्या हातांना कोणकोणती कामे आहेत, एवढे त्याला वेळेवर कळले पाहिजे. दहावीच्या निकालानंतर सांगितलेली वाट बहुतेकांसाठी बंद झालेली असते.