खिंडीत किती वाजता?

दोस्तांनो, पाऊस गेला, गवत अजून पुरतं वाळलेलं नाही, आणि उन्हाचा चटकाही बसत नाही. गडावर जायचे हेच दिवस! तुमच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : "चढलो त्याच वाटेनं उतरायचा कंटाळा येतो. एका दिवसात गोल फिरून येता येईल, फार अवघडही नसेल, असा ट्रेक सांगा ना!"

सांगतो. पण नुसती वाट सांगून भागणार नाही, कारण गोल ट्रेकची एक खोड आहे. साध्या ट्रेकला गेलात, उशीर झाला, पाय दुखला, तर तिथूनच मागे फिरता येतं. मागची वाट ओळखीची असते. गोल ट्रेकमध्ये मात्र अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरणं लांबचं पडतं, आणि पुढची वाट तर पाहिलेलीच नसते. म्हणजे फसायचं असेल तर माणूस नेमका दुसऱ्या अर्ध्यात फसतो.

आपला ट्रेक आहे लोहगड-विसापूरचा. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं. द्रुतगती महामार्गाच्या पुलावरून पलीकडे गेलं की थोड्या वेळात भाजे गाव. गावाच्या डोक्यावर भाजे लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिकीट काढून आत जा आणि चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी दिसतात का ते शोधा. एका शिल्पात एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवते आहे, तीही सापडते का बघा. लेणी पाहून वर निघालं की दोन गडांच्या मधली गायमुख खिंड लागते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. हे नाव लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या खिंडीचीच आहे.

आधी लोहगड. लोहगडवाडीतून पायऱ्या चढत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडायचे. हाच लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. गडाच्या टोकाला आहे विंचूकाटा. डोंगराची लांबच लांब, अरुंद सोंड, वरून पाहिली तर विंचवाच्या नांगीसारखी. तिच्यावर जायला एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. टोकाशी बसलं की एका बाजूला पवना धरणाचं पाणी, पलीकडे सुळक्यासारखा तुंग आणि त्रिकोणी तिकोना. वारा असा की टोपी हातात धरावी लागते. (डबा मात्र उघडा ठेवू नका. गडावरची माकडं तुमच्याहून चपळ आहेत!)

मग परत खिंडीत. आता समोरचा विसापूर चढायचा, त्याचं भलंमोठं पठार ओलांडायचं, पाटण गावाकडे उतरायचं आणि मळवली गाठायची. झाला गोल पूर्ण. पावसाळ्यात हे करू नका. विसापूरच्या वाटांवरून तेव्हा पाणी वाहत असतं.

आता गणित. घाबरू नका, पाचवीचंच आहे. सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. शिवणाचा दोरा घ्या, वाटेच्या वळणांवरून बसवा आणि मग पट्टीवर मोजा. आमचा दोरा साडेतेरा किलोमीटर म्हणाला. नकाशात न दिसणारी वळणं धरून आम्ही १५ लिहिले.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक नियम सांगितला. तो आपल्या मापात असा : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. पण हा नियम धट्ट्याकट्ट्या मोठ्या माणसाचा. सहावी-सातवीची मुलं, पाठीवर सॅक, मध्येच बुटाची नाडी... तेव्हा तासाला तीनच किलोमीटर धरा. १५ किलोमीटरचे पाच तास. लोहगड १०३३ मीटर, मळवली सहाशेच्या आसपास, शिवाय खिंडीतून विसापूरचा दुसरा चढ. त्याचा मिळून आणखी एक तास. भाजे लेणी, डबा, दम खाणं, याचे दोन. एकूण आठ तास. सकाळी साडेसातला स्टेशनवरून निघालात तर साडेतीनला परत.

हे सगळे करतात. पुढचं गणित मात्र फारसं कुणी करत नाही. ते उलटं, संध्याकाळकडून सकाळकडे करायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. खिंडीतून विसापूरमार्गे स्टेशन तीन तास दहा मिनिटं. म्हणजे खिंड सोडायची पावणेतीनला? छे! वाट चुकली तर? कुणाचा पाय मुरगळला तर? त्यासाठी सव्वा तास हाताशी ठेवा. उत्तर आलं दीड. दीडच्या आत खिंडीत आलात तर विसापूर. दीड वाजून गेला, तर भाज्याच्या ओळखीच्या वाटेनं सरळ खाली.

हे गणित मला कसं कळलं, ते आता सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी भाचा, भाची आणि भाच्याचा एक मित्र यांना घेऊन याच वाटेनं गेलो होतो. दीडचा आकडा कागदावर लिहिलेला होता, आणि कागद माझ्या खिशात होता. विंचूकाट्यावर हवा इतकी सुरेख होती की आम्ही बसलोच. खिंडीत आलो तेव्हा तीन वाजले होते. भाचा म्हणाला, "मामा, एवढं आलोय तर करूया ना!" आणि मामानं खिशातला कागद काढलाच नाही.

विसापूरचं पठार केवढं आहे ते वर गेल्यावर कळतं. तटाला धरून चालत राहिलं तरी उतरायची वाट सापडेना. दोनदा चुकलो. तेवढ्यात सूर्य गेला. चौघांत एक टॉर्च. उतरताना भाचीचा पाय दगडावरून सटकला आणि घोटा सुजला. स्टेशनवर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. ताई फलाटावर उभी होती. मला ती एक शब्द बोलली नाही. खाली बसली आणि भाचीचा बूट काढून पाय बघू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. खिंडीत एक पन्नास. "वीसच मिनिटं, मामा!" मी म्हटलं, परत. अख्ख्या उतारावर माझ्याशी कुणी बोललं नाही. लोकलमध्ये भाचा मुद्दाम दुसऱ्या बाकावर बसला.

तिसऱ्या वर्षी भाची म्हणाली, "या वेळी प्लॅन मी करणार." तिनं वहीच्या पानावर सगळं लिहिलं. विंचूकाट्यावरचा मुक्काम अर्ध्या तासाचा. माणशी दोन लिटर पाणी, कारण विसापूरवर दुकान असेलच असं धरायचं नाही. प्रत्येकाची वेगळी टॉर्च. परतीच्या लोकलचं ताजं वेळापत्रक. पानाची एक नक्कल ताईकडे, "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर काळजी करावी" अशा टिपेसकट. (आईबाबांनो, ही नक्कल मागून घ्याच. आणि वाट माहीत असलेलं मोठं माणूस बरोबर नसेल तर परवानगी देऊ नका.) सगळ्यांत खाली लाल शाईत : "खिंड १.३०. घड्याळ मामाकडे देऊ नये."

खिंडीत आलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. विसापूरच्या तटावर उभे राहिलो तर समोरचा लोहगड चक्क खाली दिसत होता. विसापूर आहेच ५० मीटरनं उंच. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगडही त्यांच्या हाती पडला, हे इतिहासात वाचलं होतं. ते असं का झालं, ते भाच्यानं न सांगता ओळखलं. "इथून तोफ डागली तर ते काय करणार?" म्हणाला.

पाटणच्या वाटेला लागलो तेव्हा तीन वाजायचे होते. मी दोनदा वेळ विचारली. भाचीनं दोन्ही वेळा सांगितली, घड्याळ काही दिलं नाही.