कातकरी बोलीला ओहोटी

पनवेल : कर्नाळ्याच्या पायथ्याशी आणि माथेरानच्या उतारावर वसलेल्या अनेक वाड्यांत कातकरी वृद्ध आपापसांत आपल्या बोलीत बोलतात, नातवंडांशी मात्र मराठीत. २०११च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. परंतु हा आकडा जमातीचा आहे, भाषकांचा नव्हे.

उत्तर नायजेरियात बाजाराची भाषा झालेल्या हौसापुढे लहान जमातींच्या भाषा मागे सरल्या. रायगड जिल्ह्यात हौसाची जागा मराठीची आहे. अभिजात दर्जा मिळाल्याचा २०२४ मध्ये आनंद साजरा करणाऱ्यांना हे ऐकणे रुचणार नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे.

खैराच्या झाडापासून कात काढणे हा या जमातीचा मूळ व्यवसाय. जंगल तुटले, कायदे कडक झाले आणि तो संपला. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तेथे मुकादमाशी, मालकाशी, दुकानदाराशी बोलायचे ते मराठीतच. उचल किती घेतली, फिटली किती, याचा हिशेबही त्याच भाषेत. अशा स्थितीत आईबापांनी मुलांना मराठी शिकवण्याची घाई केली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

खरा पेच या दोन भाषांच्या जवळिकीत आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात कातकरीची नोंद मराठीच्याच खंडात (१९०५) झाली. गोंडी किंवा कोलामी बोलणारे मूल वर्गात आले, तर त्याची भाषा निराळी आहे हे शिक्षकाला लगेच कळते. कातकरी मुलाचे बोलणे मात्र 'अशुद्ध मराठी' ठरते आणि दुरुस्त केले जाते. त्यामुळे बोली सोडल्याचा दिवस असा कधी उगवतच नाही. एकेक शब्द गळत जातो. कंदमुळे, मासे, रानातील औषधे यांची नावे आधी जातात, कारण त्यांना प्रमाण मराठीत बहुधा प्रतिशब्दच नसतो.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची अपेक्षा राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही ती उच्चारली. मात्र जी मराठीचीच बोली गणली जाते, तिच्यासाठी वेगळे पाठ्यपुस्तक कोण मागणार? कातकरी ही राज्यातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. अशा जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने 'पीएम-जनमन' योजना सुरू केली. घरे, रस्ते, पाणी, वीज, वसतिगृहे, मोबाइल मनोरे अशा अकरा बाबी तिच्यात आहेत. भाषा त्यांत नाही.