वाचा गेली म्हणजे अक्कल गेली नाही

"लकवा मारला, वाचा गेली." किती सहज बोलतो आपण हे वाक्य! आणि ते बोलून झालं की विषय संपतो. पुढे सगळं लक्ष हातापायांकडे. चालायला लागले का, जिना चढतात का, फिजिओथेरपीवाला येतो का... माणूस काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला की घरचे म्हणतात, बरे झाले. बोलण्याचं काय, असं विचारलं तर "आता या वयात काय बोलायचंय?" हे उत्तर मी स्वतः ऐकलंय.

माझं मत नेमकं उलटं आहे. पाय लुळा पडला तर माणूस घरात अडकतो. भाषा लुळी पडली तर तो घरात असून नसल्यासारखा होतो. आणि त्याला तसं करतो आपणच.

आमच्या काकांना गेल्या वर्षी दिवाळीनंतर झटका आला. जुन्या मोंढ्यात किराण्याचं ठोक दुकान, चाळीस वर्षांची बडबड, हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांशी. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. तेव्हापासून या विषयावर जे सापडेल ते वाचतोय, म्हणून हे लिहितोय.

याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेझिया म्हणतात. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना तो होतो. अपघातात डोक्याला मार लागूनही होतो. यात जीभ बिघडलेली नसते. जीभ जड होऊन उच्चार बोबडे होणं हा वेगळा प्रकार. वाचाघातात मेंदूतली भाषेची जागाच दुखावते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती डाव्या बाजूला असते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजव्या अंगाचा लकवा आणि भाषा जाणं बरेचदा एकत्र येतं. त्यामुळे जिभेला अक्कलकारा चोळा म्हणून सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असला तरी पत्ता चुकलेला आहे!

पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ मध्ये एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याला समजायचं बरंच, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, 'टॅन'. पुढे १८७४ मध्ये वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ लागत नाही, आणि समोरच्याचं बोलणंही त्याला नीट उमगत नाही. आपल्याकडे अशा माणसाला थेट 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून मोकळे होतात. आमचे काका पहिल्या प्रकारातले.

आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा...) काका रामरक्षा म्हणतात. पावकी-निमकीचे पाढे लावून दिले की पुढचे धाडधाड येतात. पण "पाव किलो म्हणजे किती ग्रॅम?" विचारलं की कपाळावर आठ्या. पाणी पाहिजे हे सांगता येत नाही. यावरून पाहुण्यांचा निष्कर्ष, "रामरक्षा येते तर पाणी म्हणता येत नाही? नाटक आहे." नाही हो! पाठ केलेलं, मोजणं, गाणं, शिव्या, हे सगळं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. मनातली गोष्ट शब्दात बांधणं ही वेगळी वाट, आणि तीच बंद झालेली असते. म्हणून तर १९७३ मध्ये बोस्टनच्या मंडळींनी सूर आणि ठेका वापरून छोटी वाक्यं बोलायला लावण्याची उपचारपद्धत काढली. नुसतं भजन म्हटल्याने बोलणं परत येत नाही, पण चालीवर "पाणी दे" म्हणता म्हणता काहींना ते चालीविनाही जमू लागतं.

आणि अक्कल? तपासणीत विचारलं, "आजोबा, आपण कोणत्या शहरात आहोत?" धडधाकट माणसालाही 'छत्रपती संभाजीनगर' एका दमात म्हणताना श्वास लागतो. काका गप्प. मग त्यांनी डाव्या हाताने पेन मागितलं आणि कागदावर मोठा घुमट आणि चार मिनार काढले. बीबी का मकबरा! याहून बरोबर उत्तर काय असतं?

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या सहाशेवर स्ट्रोकच्या रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांची विचारशक्ती शाबूत राहिली, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण २० टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोघांत फरक दिसला नाही. म्हणजे विचार आणि भाषा एका माळेचे मणी नव्हेत.

भाषेवरून आठवलं. काकांच्या तोंडून घरातही आधी हिंदीच निघतं, "पानी", "रुको". काकूंना वाईट वाटतं. पण यात रुसण्यासारखं काही नाही. कोणाची पहिली शिकलेली भाषा आधी परतते, कोणाची आजाराआधी जास्त वापरातली, सगळ्यांना लागू पडेल असा नियम नाही. जी येईल तिचं स्वागत करावं. उपचारही माणसाच्या रोजच्या बोलीत, रोजच्या वस्तूंवर व्हायला हवेत. काकांसमोर आलेल्या कार्डांवर इग्लू आणि स्ट्रॉबेरी होती. आम्ही घरीच फोटो काढले. तागडी, बारदान, गुळाची ढेप, नातवंडं. त्यातले नऊ शब्द आता येतात.

उपचारांचा उपयोग होतो का? होतो. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरच्या चाचण्या एकत्र पाहून हेच दिसलं. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, नंतर मंदावते, पण दार बंद होत नाही. स्पीच थेरपिस्ट फक्त लहान मुलांसाठी असतो हा समज सोडायला हवा.

आता आमच्याच मंडळींसाठी. (वाचता आहात, ठाऊक आहे मला.) दुकान भाड्याने द्यायचं ठरत होतं. काकांना विचारलं, ते "हो, हो" म्हणाले आणि सगळ्यांनी मान डोलावली. पण वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल नेहमी होते. म्हणायचं असतं नाही, निघतं हो. त्यांचा हात जोरजोरात हलत होता, तो कोणी पाहिला? दुसऱ्या दिवशी कागदावर 'द्यायचं' आणि 'नाही द्यायचं' लिहून, चित्रं काढून समोर ठेवलं. प्रश्न उलटसुलट करून तीनदा विचारला. तिन्ही वेळा बोट 'नाही द्यायचं'वर.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. त्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि तिथे अफेझिया हा शब्द नावानिशी आहे. कायमच्या वाचाघातासाठी प्रमाणपत्राची वाट आहे. त्याच कायद्याचं १३ वं कलम दिव्यांग माणसाचा मालमत्तेवरचा आणि आर्थिक व्यवहारांवरचा हक्क इतरांच्या बरोबरीने मान्य करतं. ज्यांना मदत लागतेच त्यांच्यासाठी १४ व्या कलमात मर्यादित पालकत्व आहे, तेही दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा या अर्थाने. बोलता येत नाही म्हणून अंगठा धरून कागदावर टेकवायचा, याला तिथे जागा नाही.

दुकानाचं पुन्हा विचारायला हरकत नाही. पण टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच छोटा प्रश्न. मग थांबा. मिनिटभर लागलं तर लागू द्या. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही आणि त्यांच्यादेखत "त्यांना काही कळत नाही" हे तर अजिबात म्हणायचं नाही.

आणि अचानक कोणाचे शब्द चुकायला लागले, बोलणं जुळेना, तर झोपून उठल्यावर बघू म्हणू नका. तेही स्ट्रोकचं लक्षण आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

तूर्तास इतकंच. कोणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर कळवा, फोटोंची कल्पना आणखी कोणाच्या कामी आली तर बरंच आहे.