जुन्या पोलादी पिस्तुलाला आजही एवढा भाव का? परवानाधारकांची बाजू आणि कायद्याचं म्हणणं

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळ्या झाडल्या गेल्या. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार केल्याचा हा गुन्हा. वाद होता मलंगगड पट्ट्यातल्या द्वारली गावच्या जमिनीचा. महेश गायकवाड आणि त्यांचे सहकारी गंभीर जखमी झाले, पण वाचले. सीसीटीव्हीची चित्रफीत काही तासांत सगळ्यांच्या मोबाइलवर होती.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, बोरिवलीत फेसबुक लाइव्ह सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेलं पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याच्याकडे परवाना होता.

दोन्ही घटनांमध्ये शस्त्र गावठी कट्टा नव्हता. त्यावर सरकारी शिक्का होता. म्हणूनच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या शहरांत लोकांना पिस्तूल कशासाठी हवं असतं? आणि त्यातही जुन्या, संपूर्ण पोलादी, विदेशी बनावटीच्या पिस्तुलासाठी काही जण लाखो रुपये का मोजतात?

आधी हे पिस्तूल म्हणजे नेमकं काय?

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धस्वयंचलित. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी जागेवर येते. पुन्हा गोळी झाडायला पुन्हा चाप ओढावा लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात, इथे त्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात.

भारतात सर्वसामान्य परवान्यावर ९ एमएमचं पिस्तूल मिळत नाही. ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडतं. सामान्य परवानाधारकाची धाव प्रामुख्याने .३२ बोअरपर्यंत. हे काडतूस अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचं, १८९९ सालचं. त्यावर चालणारी कोल्ट १९०३, वेब्ली अँड स्कॉट, वॉल्थर पीपी ही मॉडेल गेल्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतली. त्यांची बांधणी पोलादी. आजच्या अनेक पिस्तुलांसारखी प्लॅस्टिकची फ्रेम त्यांत नसते.

मग नवं सोडून जुनं का?

मुख्य कारण आहे टंचाई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी बंदुका-पिस्तुलांची आयात जवळपास बंद आहे. नामांकित नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले, तर बाहेरून नवा माल येत नाही. त्यामुळे देशात आधीपासून असलेली विदेशी पिस्तुलंच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहतात. अमेरिकेत काही शे डॉलरला मिळणारं जुनं पिस्तूल इथे कित्येक लाखांना जातं, ते यामुळे.

दुसरा पर्याय सरकारी कारखान्यांचा. कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीचं .३२ बोअरचं 'अशनी' पिस्तूल आणि कानपूरमध्ये बनणारी रिव्हॉल्व्हर. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे काम कानपूरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या कंपनीकडे गेलं. काही खासगी उत्पादकही आता आले आहेत. तरी जुन्या विदेशी पिस्तुलाचा तोरा कमी झालेला नाही.

परवानाधारकांचे मुद्दे काय असतात?

पहिला मुद्दा वजनाचा. पोलादी पिस्तूल हाताला जड लागतं, पण त्याच जडपणामुळे गोळी सुटताना हात कमी उडतो आणि नेम टिकतो. .३२ चं काडतूस तसंही सौम्य, त्यामुळे नवशिक्यालाही ते झेपतं. यात तथ्य आहे.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. नीट तेलपाणी केलं तर पोलादी पिस्तूल दोन-तीन पिढ्या चालतं, हा अनुभव खोटा नाही. अनेक घरांत ते आजोबांकडून नातवाकडे आलेलं असतं.

तिसरा मुद्दा किमतीचा. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरते. या पिस्तुलांची चढत जाते. म्हणून काहींच्या लेखी ती सोन्यासारखी गुंतवणूक.

चौथा मुद्दा उघडपणे कमी बोलला जातो. तो म्हणजे रुबाब. ठाणे-कल्याण पट्ट्यात गेल्या तीन दशकांत शेतजमिनीचे प्लॉट झाले आणि प्लॉटचे टॉवर. जमीन विकणारे, घेणारे, त्यावर बांधणारे आणि मध्ये पडणारे, सगळ्यांच्या हाती पैसा आला आणि त्याबरोबर भांडणंही. बिल्डर किंवा सराफाला खरोखरच खंडणीची धमकी येऊ शकते. पण त्याच परवान्याचं पिस्तूल कमरेला लावून हळदीत मिरवणं किंवा रीलमध्ये दाखवणं याचा स्वसंरक्षणाशी काहीच संबंध नाही.

पाचवा मुद्दा तक्रारीचा. गुन्हे गावठी कट्ट्यांनी होतात आणि कागदपत्रांचा ससेमिरा मात्र आमच्या मागे, असं परवानाधारक म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांतही जप्त शस्त्रांमध्ये विनापरवाना शस्त्रांचंच प्रमाण प्रचंड मोठं दिसतं. मात्र विनापरवाना शस्त्र पकडणं आणि परवानाधारकावर लक्ष ठेवणं, ही दोन्ही कामं पोलिसांचीच आहेत. एकामुळे दुसरं माफ होत नाही.

जुनं म्हणजे सुरक्षित का?

इथे सावध व्हायला हवं. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. ते कपाटात ठेवताना हातातून पडलं होतं. शस्त्र वीस वर्षं जुनं होतं आणि त्याच्या लॉकचा भाग तुटलेला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

शस्त्र पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून आज फायरिंग पिनला अडवणारी यंत्रणा असते. शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक मॉडेलमध्ये ती नाही. स्प्रिंग जुन्या होतात, मूळ सुटे भाग मिळत नाहीत, आणि कुठल्याही कारागिराकडून दुरुस्ती करून घेणं बेकायदा आहे. पिस्तुलाचा आणखी एक धोका नेहमीचा. मॅगझिन काढली की ते रिकामं झालं, असं समजलं जातं. पण एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी, चेंबरमध्ये, राहिलेली असू शकते. घरात लहान मुलं असतील तर हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

बरं, पोलाद कितीही चांगलं असलं तरी चालवणाऱ्याचा सराव नसेल तर उपयोग काय? अनेक परवानाधारक वर्षानुवर्षं एकही गोळी झाडत नाहीत. सराव करायचा तर अधिकृत रेंजवर जावं लागतं. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. डोंबिवलीहून तिथे दर महिन्याला किती जण जात असतील?

कायदा काय सांगतो?

ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा भाग ठाणे पोलिस आयुक्तालयात येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्याचा निर्णय पोलिस आयुक्तांचा, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. स्थानिक पोलिस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. परवाना नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर दिलेला परवाना निलंबित किंवा रद्दही करता येतो.

२०१९ च्या दुरुस्तीने तीन महत्त्वाचे बदल झाले. एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच हवं. ते उगारणं, नाचवणं चालत नाही.

घरात आजोबांचं पिस्तूल असेल तर?

परवानाधारकाचं निधन झालं की पिस्तूल आपोआप वारसाचं होत नाही. वारसाला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. तोपर्यंत ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवं. कपाटात तसंच पडून राहिलेलं शस्त्र कायद्याने बेकायदाच. धारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाही वारसाला अर्ज करता येतो. विकायचं असेल तर घेणाऱ्याकडे परवाना हवा, शिवाय अधिकाऱ्यांना लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

मग अडतं कुठे?

कायद्यात पळवाटा फार नाहीत. अडचण आहे ती 'गरज' ठरवण्यात. डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची संख्या चर्चेत आली. ती बाराशेहून अधिक असल्याचं समोर आलं आणि मग परवाने रद्द करण्याची मोहीम सुरू झाली. २०२५ मध्ये पुण्यात पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृह खात्याकडे अपिलात मंजूर झाल्यावरून राजकीय वाद पेटला. अपिलाची तरतूद कायद्यातच आहे. पण स्थानिक पोलिसांचा नकार का फिरवला, याचं उत्तर लोकांना मिळायला हवं.

निवडणूक आली की परवानाधारकांची छाननी होते आणि अनेकांना शस्त्रं जमा करावी लागतात. म्हणजे कुणाच्या हाती पिस्तूल असणं धोक्याचं आहे, हे ठरवायची पद्धत यंत्रणेकडे आहे. ती फक्त आचारसंहितेपुरती वापरली जाते. जमिनीच्या वादात दोन्ही बाजू पोलिस ठाण्यात येतात तेव्हा त्यांच्यापैकी कुणाकडे परवाना आहे, हे तपासून वाद मिटेपर्यंत शस्त्र जमा करून घ्यायला काय हरकत आहे?

पिस्तूल जुनं की नवं, पोलादी की प्लॅस्टिकचं, हा शौकिनांच्या चर्चेचा विषय आहे. नागरिकांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाच वर्षांपूर्वी धमकी आली म्हणून दिलेला परवाना आज नूतनीकरणाला आला, तर ती धमकी अजून आहे का, हे कुणी तपासतं का? माहिती अधिकारात आपल्या आयुक्तालयाकडे एवढं तरी विचारता येईल: किती परवाने दिले, किती नाकारले आणि गेल्या पाच वर्षांत किती रद्द केले?