उडालेले आणि उडवलेले

उडत्या पक्ष्याचे छायाचित्र ही आज मोठ्या प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसली आहे. बसल्या पक्ष्याकडे आमची हौशी मंडळी ढुंकूनही पाहत नाहीत. पंख पसरलेले हवेत, पायांवरून पाणी निथळताना दिसायला हवे! या हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हे चित्र मिळवण्याच्या रीतीला.

हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या आसपास, रोहित पक्षी उतरतात. उथळ पाण्यात चोच उलटी बुडवायची, पाणी आणि चिखल गाळायचा आणि त्यातले बारीक जीव खायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. पंख मिटलेला रोहित दुरून पांढुरकाच दिसतो. पंखांतला लाल-काळा रंग खुलतो तो उडताना. झाले! होडीवाल्याला खूण होते, होडी थव्याच्या रोखाने जाते आणि सारा थवा पाण्यावरून धावत सुटतो. ‘धावत’ हा इथे अलंकार नव्हे. एवढ्या मोठ्या पक्ष्याला हवेत उठण्याआधी खरोखरच काही पावले धावावे लागते. तेवढ्यात साहेबांचा कॅमेरा सेकंदाला वीस-वीस चित्रे घेतो. थवा पलीकडे जाऊन बसतो, तोवर दुसरी होडी निघालेलीच असते. चरण्याची सकाळ अशी पळण्यात जाते.

या मंडळींचा एक थोर पूर्वज आहे. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली चक्क बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा केला. दस्ता, नळी, चाप, सारे काही बंदुकीचे. चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रे. पक्षी पंख नेमका कसा हलवतो, हे डोळ्याला दिसत नव्हते, ते त्याला हवे होते. आपल्या लोकांनी त्याची बंदूक तेवढी उचलली. जिज्ञासा राहिली पॅरिसला.

“बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा ना?” असे विचारतात. बरा, यात शंका नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचावी. प्राण्याला हाकणे, आमिष दाखवणे हेही तीत येते. वकील त्याचा कीस काढोत. कायदा करणाऱ्यांना हाकणे आणि मारणे यांतले नाते कळले होते, एवढे मला पुरे. होडीवाल्याच्या पोटाकडे बोट दाखवणारेही आहेत. त्याचे पोट होडीच्या भाड्यावर भरते. बक्षिशीचे लालूच दाखवून “अजून जवळ घे” म्हणणारा कोण? चिंचेवरच्या पोपटांना दगड मारणाऱ्या पोरावर आम्ही मास्तर रागे भरतो. या गृहस्थाला मात्र स्पर्धेत पारितोषिक!

उडता पक्षी न उडवताही टिपता येतो. पक्षी वाऱ्याला सामोरा उठतो आणि सामोराच उतरतो. तेव्हा वारा आणि ऊन पाठीशी घेऊन काठावर गप्प बसावे. थवे आपल्या वेळेने उठतात आणि पुष्कळदा समोरूनच येतात. यात दिवस फुकट जातात, हे खरे. जाऊ द्यावेत.

स्पर्धांच्या परीक्षकांना माझे एकच मागणे आहे. चित्र पाहताना पक्ष्यांची तोंडे कुठे आहेत ते पाहा. साऱ्या थव्याच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे असतील, तर बक्षीस देण्याआधी त्या गृहस्थाला विचारा, होडी किती जवळ नेली होती?