‘टर्बो गेला’ म्हणणाऱ्याला आधी पुरावा मागा



कपाशीची पाने लाल पडली की दुकानदार शेत न बघताच दोन बाटल्या हातात ठेवतो. लाल्याची कारणे अनेक. मॅग्नेशियम कमी पडते, नत्र कमी पडते, तुडतुडे रस शोषतात, नाही तर रात्रीचा गारठा वाढतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि गारठ्यावर तर बाटलीच नाही. तरी बाटली खपते. कारण शोधायला शेतात जावे लागते, बाटली विकायला गल्ल्यावर बसले तरी पुरते.

हाच धंदा आता आपल्या पिकअपच्या बॉनेटखाली शिरला आहे. कापूस भरून मानवतला किंवा सेलूला निघालेली गाडी चढाला दम तोडते. गॅरेजमध्ये नेली की निदान तयार असते : “टर्बो गेला, बदलावा लागेल.” कशावरून गेला, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. बिल मात्र असे येते की कापसाच्या त्या खेपेची पट्टी त्यातच जिरते.

टर्बो म्हणजे काही जादूटोणा नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळते, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. म्हणजे ताकदीला तीन गोष्टी लागतात : हवा आत येणे, डिझेल पोचणे आणि धूर बाहेर जाणे. यातले काय अडले ते बघायचे. ज्याला पाटाचे पाणी कुठे फुटले ते हुडकता येते, त्याला हेही येते.

सुरुवात इंजिनापासून करूच नका. थोडी गाडी चालवून थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादे चाक तापले असेल तर ब्रेक धरून बसला आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतो आहे. या दोन्हींत टर्बोचा काही गुन्हा नाही.

मग धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी आहे. एअर फिल्टर काढून बघा. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा आणि जिनिंगच्या आवारातली उडती रुई यांनी तो हंगामात लवकर तुंबतो. फिल्टर काढून ठेवून गाडी पळवण्याचा शहाणपणा मात्र करू नका, तीच धूळ टर्बोची पाती खाते. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाईप तपासा. क्लिप ढिली असेल, पाईप चिरला असेल, तर दाबलेली हवा तिथून फुस्स करून निघून जाते. तिथे तेलकट ओल दिसते, गाडीला जोर दिला की शिट्टी ऐकू येते. एका क्लिपचे काम असते आणि बिल टर्बोचे होते! पाईप ठीक असतील तर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला आहे का ते बघायला सांगा.

धूर नाही आणि गाडीत दमही नाही, तर बहुधा डिझेल पोचत नाही. डिझेल फिल्टर कधी बदलला? त्याच्या तळाचे पाणी कधी सोडले? निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. तिथे टर्बोच्या सीलचा संशय रास्त, पण इंजिनाच्या रिंगाही तितक्याच संशयित. आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक कारण आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. गाडी सतत जवळच्या जवळ, हळूहळू चालली की ती तुंबते. तेव्हा संगणक स्वतःच इंजिनाची ताकद कापतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. दिवा लागला असेल तर स्क्रू फिरवण्याआधी कोड वाचलाच पाहिजे. आणि कोड म्हणजेही निकाल नव्हे, तो फक्त कुठे बघायचे ते सांगतो.

एवढे झाल्यावरच टर्बोकडे वळा. इंजिन बंद आणि गार असताना तोंडाचा पाईप काढून दांडा हलवून बघायला सांगा. आडवा किंचित हलला तर चालते, पण मागेपुढे सरकला किंवा पाती घराला घासली असतील, तर टर्बो खरेच गेला. तेव्हाही पुढचा प्रश्न विचारा : का गेला? मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा तो दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑईल जुने, ऑईलची नळी तुंबलेली, हे तसेच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. मूळ कुजलेल्या झाडाच्या शेंड्यावर फवारणी करण्यातला हा प्रकार.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मिस्त्रीचे काम, शेतकऱ्याला काय कळते? ‘तुला काय कळते’ या एका वाक्यावर बियाणेवाला, औषधवाला आणि व्यापारी पिढ्यानपिढ्या जगले. शेतकऱ्याने पाना हातात घ्यावा असे आमचे म्हणणे नाही, त्याने प्रश्न विचारावा एवढेच आहे.

आणि सगळा दोष गावातल्या मिस्त्रीच्या माथी मारणेही बरोबर नाही. त्याच्याकडे कंपनीचे यंत्र नाही, पुस्तक नाही, म्हणून तो अंदाजाने भाग बदलतो. हे ज्ञान अडवून कोण बसले आहे? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारकार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची यंत्रे आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू दिली जात नाही, हा ठपका होता. त्या यादीत टाटा आणि महिंद्राही होत्या. कंपन्या वरच्या न्यायालयांत गेल्या. पुढे केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल उघडले, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही घेतली. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, कारण कागदावर लिहून दिल्याशिवाय भाग बदलू द्यायचा नाही. दोन, काढलेला जुना भाग परत घ्यायचा. तीन, तालुक्यागणिक वर्गणी करून कोड वाचायचे एक यंत्र घ्यायचे आणि ते गावातल्या चांगल्या मिस्त्रीच्या हाती द्यायचे. चार, दुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा मागायचा. फसवणूक झालीच तर बिल जपून ठेवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा २०१९ च्या कायद्याने ग्राहकच आहे, त्याला जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

कापसाचा भाव आपल्या हातात नाही, पाऊस नाही. निदान विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय खिशातला पैसा बाहेर काढायचा नाही, एवढे तरी आपल्या हातात आहे.