दातांचे जन्मगाव

दातखीळ बसली की माणूस मुका होतो. पण पॅसिफिकमधल्या व्हानुआटूच्या एफाते बेटावर तीन हजार वर्षांपूर्वी बसलेल्या दातखिळी आता बोलू लागल्या आहेत! तेथे तेओउमा ह्या जागी २००४ साली लापिता लोकांचे दफनस्थान खणण्यात आले. होड्या हाकीत ह्या बेटांवर पहिल्यांदा वस्ती करणारे ते हेच लोक.

आता गंमत पाहा. दातांवरचे कवच, म्हणजे एनॅमल, बालपणी घडते आणि पुढे बदलत नाही. ज्या मातीतले अन्न खाल्ले, तिच्यातले स्ट्राँशियम त्यात उतरते; आणि ह्या स्ट्राँशियमची जात जागोजागच्या खडकांप्रमाणे निराळी. हाडे हळूहळू नव्या गावची होतात. दात तेवढे माहेरचेच राहतात. (सासुरवाशिणींना हे निराळे सांगायला नको.)

सतरा जणांच्या दातांची तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले चौघे एफातेवर वाढलेले नसावेत, असे निघाले. 'हा येथला नव्हे' हे दात ठामपणे सांगतात, 'मग कोठला?' म्हटले की अडखळतात. शास्त्रज्ञ त्या दुसऱ्या प्रश्नामागे आहेत. मला मात्र राहून राहून वाटते ते एवढेच, की त्या चौघा परक्यांना पुरले ते गावकऱ्यांच्याच मातीत, त्यांच्याच शेजारी.